वर्गासाठी खडू-कार्डशीटचे पैसे कसे उभे करावेत?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत नवीन रुजू झाले आहे. पहिली-दुसरी मिळून 18 मुलं. पाट्या, कार्डशीट, मणी, गोष्टींची पुस्तकं हवीत. वर्गणी माझ्या गूगल पेवर घेतली तर चालेल का?

डिचोलीकर:
नको, मॅडम. स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही नको. हिशेब चोख असला तरी बोट तुमच्याकडेच दाखवतील. आधी मुख्याध्यापकांना विचारा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या शाळा अनुदानातून काय बसतं. उरलेल्याची यादी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून मंजूर करा. पैसे समितीच्या खात्यात, पावती नंबरवार.

सावईकर:
पैशांपेक्षा वस्तू मागा. ‘शाळेला मदत करा’ म्हटलं की सगळे मान डोलावतात, देत कोणी नाही. ‘18 पाट्या, खडूचे 10 डबे, 100 मण्यांच्या 4 माळा’ लिहिलं की एकेक जण एकेक ओळ उचलतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) बाहेर राहणारे गावकरी घरी येतात, यादी त्याआधी आठवडाभर फिरवा. शाळांना मदत मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळेच्या लॉगिनने गरज टाकता येते; तिथे रोख चालत नाही.

डिचोलीकर:
कोणी देणगीवरच्या आयकर सवलतीची (80जी) पावती मागितली तर ती शाळा देऊ शकत नाही, तशी मान्यता असलेला ट्रस्ट किंवा संस्थाच देते. तेही वस्तूंवर नाही, आणि रोख 2,000 रुपयांपर्यंतच.

सावईकर:
आणि कार्डशीट पावसाआधी गठ्ठ्याने घेऊ नका. जुलैत कडा वळतात, काळी बुरशी धरते, खडूही दमट होऊन फळ्यावर नुसता घसरतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा यादीत पहिला लिहा.