समुद्राकाठी होम सर्व्हर: मिनी पीसीची वॉरंटी नाकारली, वर डिस्क गायब होते. मदत हवी आहे

पोफळीबन

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

घर गुहागरात. मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला गडगा आणि गडग्यापलीकडे पुळण. भरतीच्या रात्री गाज माजघरात ऐकू येते. हे सांगायचं कारण, सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे असं सर्व्हिस सेंटरचं म्हणणं.

गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा जून 2021 मध्ये बंद झाली, तेव्हापासून घरातले चारही फोन ओसंडत होते. शिवाय आजीच्या ओव्या आणि शिमग्यातल्या नमनाच्या जुन्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्यात. त्या कुणाच्या तरी क्लाउडवर ठेवायला जीव होईना. म्हणून फेब्रुवारीत ऑनलाइन एक मिनी पीसी घेतला. इंटेल एन100, 16 जीबी रॅम, 512ची एसएसडी, किंमत सतरा हजार. आकार जेवणाच्या डब्याएवढा, त्यामुळे घरात त्याचं नावच 'डबा' पडलं. त्याला यूएसबी डॉकमध्ये उभी खोचलेली 4 टीबीची साडेतीन इंची डिस्क. लिनक्सवर फोटोंसाठी इमिच, गाणी-व्हिडिओंसाठी जेलीफिन. वाडीतली पोरं 'पालखीचा व्हिडिओ दे' म्हणून येतात, त्यांनाही तिथूनच देते.

बाबांना हे प्रकरण पहिल्यापासून मान्य नाही. रोज रात्री साडेनऊला बोर्डावरचं बटण बंद. राउटर, डबा, डिस्क, सगळं एका फटक्यात. 'रात्रीचे फोटो कोण बघणार? भुतं?'

जुलैत तीन दिवस वीज नव्हती. आली तेव्हा डबा मेलेला, दिवासुद्धा लागेना. चिपळूणला जाऊन कुरियर केला. बावीस दिवसांनी उत्तर: 'द्रवामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही.' सोबत एक धूसर फोटो, त्यात रॅमच्या खाचेजवळ दोन हिरवट ठिपके. नवीन मदरबोर्डाचे साडेअकरा हजार. मी नको म्हटलं, जाण्यायेण्याचं कुरियरही माझ्याच खिशातून. घरी आणून सहज वायर लावून बघितली, तर चालू! कुणी हात लावलेला नाही, कागदावर 'दुरुस्ती न करता परत' असंच लिहिलंय.

पण आता दर दोन-तीन दिवसांनी डिस्क गायब होते. काढून खोचली की परत दिसते. रत्नागिरीचा दुकानदार म्हणतो डिस्क संपली, नवीन घ्या.

या डब्यावर पाण्याचा थेंब पडलेला नाही, अगदी शपथेवर. मग 'द्रव' म्हणून हात कसे झटकतात? भांडावं की सोडून द्यावं? डिस्क खरंच गेली का? आणि समुद्रावर राहणाऱ्यांनी हा नाद करावाच का?

भटका_कोकण्या

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: करू नये. क्लाउडचे पैसे भरा आणि निवांत झोपा. मी रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक घेऊन दोन वर्षं खेळलो, तीन मेमरी कार्डं मारली. हौस म्हणून ठीक आहे. घरच्यांचे फोटो हौसेवर ठेवू नयेत.

जांभा_चिरा

वरच्यांचं मेमरी कार्डाचं दुःख खरं आहे, पण ती चूक कार्डाची. सतत लिहिणारी सिस्टीम कार्डावर ठेवली की ते मरणारच. एन100 आणि एसएसडी हे प्रकरण वेगळं.

पोफळीबन, दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवून डिस्क फेकू नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. टर्मिनलमध्ये स्मार्टसीटीएल ही ती नोंद वाचणारी आज्ञा चालवा आणि तीन ओळींचे कच्चे आकडे इथे टाका: क्रमांक 5, 197 आणि 199. पहिले दोन तबकडीच्या आजाराचे. 199 म्हणजे सीआरसी चुका, म्हणजे डिस्क आणि डॉक यांच्यामधल्या वाटेत माहिती बिघडते आहे. ती बहुतेक वेळा वायरीची नाहीतर खाचेची भानगड असते.

आणि दुसरी प्रत कुठे आहे?

पोफळीबन

5 शून्य, 197 शून्य, 199 समोर 1,312.

दुसरी प्रत... नाही. लाज वाटतेय लिहायला.

जांभा_चिरा

मग डिस्क ठणठणीत आहे. डॉकमधून डिस्क काढा, मोबाइलची बॅटरी मारून खाचेतल्या पिना बघा आणि फोटो टाका.

दुसरी प्रत मात्र आज. उद्या नाही, आज. लॅपटॉपवर मावतील तेवढ्या ओव्या आणि नमन आधी घ्या, बाकी सेल्फी गेले तरी चालतील.

पोफळीबन

काढली. खाचेचं तोंड वर असतं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. डबा कुरियरने फिरत होता, तेव्हा डॉक बावीस दिवस उघडाच खिडकीत पडून. तांब्याच्या कळशीला कडेने चढतो तसा हिरवट थर आहे, सगळ्या पिनांवर नाही, एका टोकाच्या सात-आठ पिनांवर. बाबांनी वाकून बघितलं आणि विचारलं, 'आमसुलाने घासू का?'

खारी_हवा

बाबांना आमसूल सोलकढीसाठी ठेवायला सांगा! आंबट लावलं तर आज चकचकीत दिसेल आणि उरलेल्या आंबटाने महिनाभरात पिनच खाल्ली जाईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे बाटली मिळते. डॉकची वायर काढून, मऊ जुन्या ब्रशने, एकाच दिशेने. पूर्ण वाळल्याशिवाय डिस्क लावू नका.

आता थोडं मास्तरकी करतो. वीज खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी किनाऱ्यावर, त्यामुळे गंजाशी जुनी ओळख. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. तुमच्या पुळणीवरून येणाऱ्या वाऱ्यात तेच मीठ आहे, बारीक. ते बोर्डावर बसतं. उन्हाळ्यात नुसती धूळ, पावसाळ्यात त्याचंच खारं पाणी होतं. म्हणजे थेंबही न सांडता बोर्ड ओला. दोन पिनांमध्ये वीज झिरपायला तेवढं पुरतं. सर्व्हिस सेंटरच्या कोरड्या एसीत बावीस दिवस काढल्यावर तो वाळला आणि जिवंत झाला, हा माझा अंदाज.

यातली खरी गंमत पुढे आहे. चालू असलेलं यंत्र कोमट असतं. कोमट पृष्ठभागालगतची हवा कोरडी पडते आणि मिठाला पाणी सुटत नाही. बंद केलेलं यंत्र गार होतं आणि पहाटे दमट. तेव्हा बाबा रोज रात्री साडेनऊला वीज वाचवत नाहीत, डब्याला दव पाजतात. जून ते सप्टेंबर तो बंदच करू नका.

पोफळीबन

काका, हे बाबांना वाचून दाखवलं. मिठाच्या बरणीपर्यंत मान डोलावली, मग म्हणाले, 'आणि बिल?'

खारी_हवा

मोजून द्या. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो. तुमचा डबा निवांत असताना डिस्क धरून 11 वॉटच्या आसपास खात असेल असं धरू. 11 गुणिले 24 गुणिले 30 म्हणजे महिन्याला आठ युनिट. पडवीत साठचा पिवळा बल्ब रोज साडेचार तास जाळला तरी तेवढेच होतात. रात्री बंद ठेवून वाचतात ते अडीच-तीन युनिट.

दोन गोष्टी आणखी. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बदल व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात संगणक बंद पडतो, पंख्याला कळतही नाही. आणि अर्थिंग. आपला जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो, तेव्हा खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असलं तरी एप्रिल-मेमध्ये बादलीभर पाणी ओतत जा. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच येतात.

मालवणी_मसालो

आमच्याकडे रिमोटचे सेल सुद्धा गंजतत, तुमी डिस्काचा काय घेऊन बसलात! पण काकांनी सांगितलेला खरा हा. माझो जुनो टीव्ही चालू असायचो तवसर बरो होतो, मुंबयक जाऊन चार म्हयन्यांनी इलंय तर गेलेलो.

कागद_जपा

ग्राहक प्रकरणाबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून मी. वकील नाही, पण स्वतःची एक तक्रार शेवटपर्यंत लढवली आहे.

पोफळीबन, डब्यासोबत आलेली पुस्तिका शोधा. वापरासाठी आर्द्रतेची मर्यादा किती छापली आहे? 'द्रव' या शब्दावरची सगळी लढाई त्या एका ओळीवर आहे.

पोफळीबन

मिळाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. '10 ते 90 टक्के, दव न धरता.'

कागद_जपा

चांगलं आहे, पण अर्धंच. ते 'दव न धरता' हा शब्द पकडणार, तुम्ही 90 पकडणार. तरीही सांडलेलं पाणी आणि छापील मर्यादेतली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फरक सिद्ध करायला त्यांच्याकडे एक धूसर फोटो आहे. ईमेलवर मागा: सगळे मूळ फोटो, जॉबशीट म्हणजे तपासणीची नोंद, आणि आत द्रव दाखवणारं स्टिकर असेल तर त्याचा रंग बदलला होता का. फोनवर एक अक्षर बोलू नका, बोललात तर त्याच दिवशी 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून ईमेल टाका.

ऑनलाइन घेतलाय ना? मग 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रीच्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो. तिथे तक्रार टाका, क्रमांक जपा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. ते न्यायालय नाही, कंपनीकडे तक्रार पुढे सरकवतात, पण पुष्कळदा तेवढ्यानेच समोरच्याचा सूर बदलतो.

नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, तुमचं रत्नागिरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत आहे. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात त्यावर कॅलेंडर लावू नका.

सतरा हजारांसाठी हे करावं का? मी पंख्यासाठी केलं. बायको अजून हसते.

भटका_कोकण्या

मी क्लाउडच म्हणतोय. पण वाचतोय, सोडवत नाही.

जांभा_चिरा

डबा चालू ठेवणार असाल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन 'वीज परत आल्यावर आपोआप चालू' हे करून ठेवा. नाहीतर तुम्ही पुण्याला असताना वीज जाऊन येईल आणि डबा गार पडून राहील.

दुसऱ्या प्रतीचं सोपं गणित: एक बाहेरची डिस्क घ्या, महिन्यातून एकदा प्रत घ्या आणि पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. तिसरी गावाबाहेर हवी. त्याला क्लाउड लागत नाही, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याची पिशवी पुरते.

पोफळीबन

गौरी-गणपती झाले, पाहुणे परतले, आता सवडीने लिहिते.

आयसोप्रोपिलने पिना दोनदा घासल्या. ब्रशला हिरवं लागलं तेव्हा कुठे विश्वास बसला. आज एकोणीस दिवस झाले, डिस्क एकदाही गेली नाही आणि 199 समोरचा आकडा 1,312 वरच थांबलाय. तो कमी होत नाही हे कळल्यावर आधी धसका घेतला होता, मग समजलं की न वाढणं हीच बातमी. नवीन डिस्क घेतली, पण दुसऱ्या प्रतीसाठी. एक प्रत चुलतभावाच्या बॅगेतून, खाजाच्या पुड्यांच्या मध्ये बसून, डोंबिवलीला गेली.

कंपनी: आधी तेच उत्तर, तेच वाक्य, फक्त खाली सही वेगळी. 1915 वर तक्रार टाकली, पुस्तिकेच्या पानाचा फोटो जोडला. नवव्या दिवशी ईमेल आला की 'विशेष बाब म्हणून' बोर्ड फुकट बदलून देऊ, पाठवा. विशेष बाब! फोटोंबद्दल चकार शब्द नाही. कागद_जपा, तुमच्या सांगण्यावरून 'वॉरंटी कायम आहे' एवढं लेखी मागितलं, ते काल आलं. डबा दिवाळीनंतर, हवा सुकली की पाठवीन. मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे.

घरात डबा आता खिडकीतून हलवून माजघराच्या फडताळात, दाराला जाळी. वॉटमीटर आणला, आकडा 10 ते 12च्या मध्ये हलतो. बाबांनी तो दिवसभर न्याहाळला, मग फ्रिजला लावला, मग मिक्सरला. डब्याबद्दल काही बोलले नाहीत. आईने बटणावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'हा नंदादीप आहे. विझवू नये.' त्याला त्यांनी हात लावलेला नाही, पडवीतला बल्ब मात्र हल्ली आठलाच बंद होतो आणि आम्ही अंधारात चपला शोधतो.

एक राहिलं. खाचेचं तोंड वर नसलेला, झाकण असलेला डॉक रत्नागिरी किंवा चिपळूणला कुणी प्रत्यक्ष दुकानात बघितलाय का? ऑनलाइन नको. यावेळी हातात घेऊन, उघडून बघून घेणार आहे.