‘राखून ठेवलेली’, ‘नेमून दिलेली’ की ‘संपादित’ जमीन?

प्रश्न

एका तालुक्याच्या इतिहासाचं मराठी करते आहे. एक वाक्य अडलंय. आशय असा की वसाहतकाळात सरकारने खाणकामासाठी आणि ‘पब्लिक वर्क्स’साठी जमिनी ‘सेट अपार्ट’ केल्या. मी ‘आरक्षित केल्या’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘अधिग्रहित केल्या’ केलं. मला दोन्ही खटकतात. ‘बाजूला काढून ठेवल्या’ म्हटलं तर पाहुण्यांसाठी लाडू काढून ठेवल्यासारखं वाटतं. तालुका मुंबई इलाख्यातला आहे.

प्रतिसाद

ताई, शब्दाआधी एक बघा: त्या जमिनी तेव्हा कोणाच्या कब्जात होत्या? ‘सेट अपार्ट’ला त्याचं सोयरसुतक नाही. आपल्या महसुली मराठीला आहे.

१८७९चा मुंबई जमीन महसूल कायदा घ्या. कलम ३७ने रस्ते, नदीनाल्यांची पात्रं, समुद्राचा तळ आणि ज्यांवर कोणाची मालकी नाही अशा सगळ्या जमिनी सरकारच्या ठरवल्या. त्यांतल्या ज्या कोणाच्या रीतसर भोगवट्यात नाहीत, त्या गुरांच्या मोफत चराईसाठी, वनासाठी किंवा आणखी कशासाठी वेगळ्या काढायचा अधिकार कलम ३८ने मोजणीच्या अधिकाऱ्यांना दिला. याला ‘नेमून देणे’ म्हणतात. गायरान, स्मशान, खळवाडी, बाजारतळ, मुक्कामाची जागा हे सगळं नेमून दिलेलं. भरपाईचा प्रश्नच नाही, कारण कागदावर धनी सरकारच. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्यांना काय वाटलं ते कागदावर येत नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हीच तरतूद कलम २२मध्ये आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा वर्ग ब’ असा रकाना दिसतो ना, तो याच घरातला: रस्ता, पायवाट, नाला, स्मशान अशा सार्वजनिक कामाला गेलेला तुकडा. त्याला आकार (सारा) नाही आणि तो नांगरताही येत नाही. वर्ग ‘अ’ म्हणजे नुसता खडक-खळगा, तो मेहनत करून लागवडीखाली आणता येतो. दोन्ही खराबाच, पण ‘ब’मधला खराबा जमिनीच्या पोताने ठरत नाही, तो हुकमाने ठरतो.

खाणींचं गणित निराळं. त्याच कायद्याच्या कलम ६९ने सगळ्या बिनदुमाला, म्हणजे इनाम म्हणून न दिलेल्या, जमिनीतल्या खाणींवरचा आणि खनिजांवरचा हक्क सरकारने राखून ठेवला. नीट बघा, जमीन राखली नाही, हक्क राखला. वर रयत जोंधळा पेरणार, सारा भरणार आणि खाली जे सापडेल ते सरकारचं. आजच्या संहितेचं कलम ४८ याचंच नातवंड. म्हणून ‘खाणकामासाठी जमिनी राखून ठेवल्या’ असं सरसकट लिहिलंत तर मुंबई इलाख्यापुरतं ते चुकीचं ठरण्याचा धोका आहे. मूळ मजकुरात हक्क म्हटलंय की जमीन, ते आधी तपासा.

आणि तिसरं, संपादन. जमीन रयतेच्या कब्जात आहे, सरकारला हवी आहे, आणि ती सक्तीने पण पैसे मोजून घ्यायची. १८५७चा ६ क्रमांकाचा कायदा कंपनी सरकारच्या सगळ्या मुलखाला लागू झाला, मग १८७०चा आला आणि शेवटी १८९४चा भूसंपादन कायदा, जो २०१३चा नवा कायदा होईपर्यंत आपल्या मानगुटीवर होता. कलम ४ची अधिसूचना, कलम ६ची घोषणा, कलम ११चा निवाडा, म्हणजे किती पैसे द्यायचे त्याचा हुकूम. मूळ कायद्यात बाजारभावावर १५ टक्के जास्त, कारण घेणं सक्तीचं. त्या जादा रकमेला सरकारी मराठीत ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. हा शब्द कोणी घडवला त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

या कायद्यातला कळीचा शब्द खरं तर ‘सार्वजनिक प्रयोजन’. कलम ६ची घोषणा निघाली की जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठीच हवी आहे, याचा ती घोषणाच निर्णायक पुरावा. म्हणजे प्रयोजन आहे की नाही हे सरकार ठरवणार आणि कोर्टात भांडायचं ते रकमेवर. मुळशीला १९२१मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे धरणाविरुद्ध उभे राहिले ते याच मुद्द्यावर. धरण टाटांच्या कंपनीचं, वीज मुंबईसाठी, जमिनी मावळ्यांच्या, आणि संपादन सरकारमार्फत. कंपनीसाठी जमीन घ्यायची सोय कायद्यातच होती, भाग ७मध्ये. तेव्हा ‘प्रयोजन’च्या जागी ‘हित’ लिहू नका. प्रयोजन म्हणजे नुसतं काम, ते हिताचं आहे की नाही हा पुढचा वाद.

प्रतिसाद

‘अधिग्रहित’वर माझीही हरकत. ती हिंदीची लागण आहे. हिंदीत ‘भूमि अधिग्रहण’ रूढ आहे, तिकडून ते आपल्या वर्तमानपत्रांत शिरलं. मराठी कायद्याच्या भाषेत अधिग्रहण म्हणजे मालकी न बदलता गरजेपुरतं ताब्यात घेणं: निवडणुकीला गाड्या, टंचाईत खाजगी विहिरी. काम संपलं की परत. १८९४च्या कायद्याने गेलेली जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन सरकारकडे कायमची जाते, तिथे हा शब्द कसा चालेल?

‘आरक्षित’ही इथे नको. ते नगररचनेचं नाणं आहे. विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर शाळेचं आरक्षण पडतं तेव्हा प्लॉट तुमच्याच नावावर राहतो, फक्त बांधता येत नाही. १८८० सालच्या गोष्टीत हा अर्थ घुसवला तर वाचकाची फसगत होईल.

प्रतिसाद

आम्ही चंद्रपूरकडचे. आमच्याकडे मुंबईचा कायदा नव्हता, मध्य प्रांत होता, मालगुजारी होती, म्हणजे गावचा सारा मालगुजार भरायचा. वरोऱ्याची कोळसा खाण खुद्द सरकार चालवत असे, वर्धा ते वरोरा रेल्वे त्या कोळशासाठीच टाकली होती, आणि १९०६मध्ये खाण बंद झाली. आमच्या बोलीत खाण नाही, ‘खदान’. कोळशाची असेल तर ‘कॉलरी’.

आणि संपादन वगैरे कोणी बोलत नाही हो. लोक म्हणतात, जमीन कॉलरीत गेली. धरणात गेली, रेल्वेत गेली, रस्त्यात गेली. कोणी घेतली ते वाक्यात येतच नाही. फॉरेस्टच्या बाबतीत मात्र ‘रान राखलं’ म्हणायचे. राखलेल्या रानात बैल शिरला की कोंडवाडा. त्यामुळे ‘राखीव’ हा शब्द गावात जंगलाला चिकटलेला आहे. १८७८च्या वन कायद्यातलं ‘राखीव वन’ त्या बोलीत सहज बसलं. तुमच्या वाक्यात ‘राखीव जमिनी’ आलं की आमच्याकडचा वाचक जंगल समजेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मूळ मजकूर पुन्हा पाहिला. दोन्ही प्रकार एकाच वाक्यात कोंबलेत: काही गट गावच्या पडीकातले, काही खातेदारांचे. खाणीच्या बाबतीत म्हटलंय की वरून लोहमार्ग गेला तरी खालचं खनिज त्यात धरलं नव्हतं. हे काय प्रकरण?

प्रतिसाद

मग १८८५चा जमीन संपादन (खाणी) कायदा बघा, तोच असावा. रेल्वे किंवा रस्त्यासाठी जमीन घेताना खालच्या खाणी नको असतील तर सरकार तसं जाहीर करून फक्त वरचा भाग घेई, म्हणजे भरपाईतून खाणीची किंमत वगळली जाई. पुढे खाणवाल्याला रुळांखाली खणायचं झालं तर आगाऊ लेखी नोटीस द्यावी लागे, आणि सरकारने मनाई केली तर तेवढ्याची भरपाई मिळे. अर्थात हे जिथे खाण खाजगी मालकीची होती तिथलं. जिथे हक्क आधीच राखलेला, तिथे वगळायला काही शिल्लकच नव्हतं.

वाक्य फोडा. ‘गावच्या पडीकातील जमिनी सरकारने या कामांसाठी नेमून दिल्या, खातेदारांच्या जमिनी मोबदला देऊन संपादित केल्या, खालची खनिजे मात्र संपादनातून वगळली.’

आणि ‘पब्लिक वर्क्स’ला ‘सार्वजनिक बांधकाम’ करू नका. ते आजच्या खात्याचं नाव आहे, आणि त्याने डोळ्यांसमोर इमारती आणि पूल येतात. डलहौसीच्या काळात उभ्या राहिलेल्या त्या खात्याकडे कालवेही होते, आणि रेल्वेवरची देखरेखसुद्धा. रेल्वेचं वेगळं बोर्ड आलं ते १९०५मध्ये. ‘सार्वजनिक कामे’ लिहा, पाट आणि रूळ दोन्ही त्यात मावतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

‘मोबदला’ लिहू की ‘भरपाई’?

प्रतिसाद

निवाड्याचे पैसे म्हणून ‘मोबदला’. उभं पीक, झाडं, विहीर यांची ‘नुकसानभरपाई’. जुन्या निवाड्यात दोन्ही वेगळ्या ओळींवर असतात, तुमच्याकडे प्रत असेल तर त्यातलेच शब्द उचला.