शब्दचर्चा: दारूने डीएनए ‘बदलतो’ की त्यावर ‘खुणा’ पडतात?

खाडीकाठ: मालवण तालुक्यात व्यसनमुक्तीच्या बैठकीसाठी पत्रक मराठीत करतोय. ‘मेथिलेशन’ला ‘मेथिलीकरण’ केलं, पण ‘दारूने डीएनए बदलतो’ हे वाक्य डॉक्टरांनी खोडलं. मग काय लिहू?

रसायनवाला: डॉक्टरांचं बरोबर आहे. डीएनएतल्या अक्षरांचा क्रम तोच राहतो. मेथिलेशन म्हणजे सायटोसिन या अक्षरावर मेथिल हा छोटा रासायनिक गट चिकटणं; तो चिकटतो नाहीतर निघतो, त्यावर जनुक दबतं किंवा जागं होतं. ‘बदल’ म्हटलं की लोक उत्परिवर्तन समजतात. ‘खुणा’ लिहा.

सुरंगी: खूण म्हणजे कायमची, जखमेची असते तशी. धूम्रपानाने एएचआरआर जनुकावरचं मेथिलेशन घटतं, आणि सिगरेट सुटली की काही वर्षांत बरंचसं भरून येतं. दारू सोडायला आलेल्याला हे कळायला हवं. माझे काका ‘रगतातच आसा, काय करतलंय’ म्हणत गेले. तुमच्या ‘खुणा’ वाचून त्यांनी हेच म्हटलं असतं.

रसायनवाला: सगळंच भरून येतं असं आश्वासन देऊ नका. शिवाय दारूची वाट निराळी. ती फोलेट या जीवनसत्त्वाचं शोषण रोखते, यकृतातलं मेथिओनिन या अमिनो आम्लाचं चक्र बिघडवते, मेथिल गट पुरवणारा रेणूच कमी पडतो. कोकेन दिलेल्या उंदरांत मात्र मेंदूच्या न्यूक्लियस अक्युम्बन्स भागात डीएनएमटी३ए या, मेथिल गट चिकटवणाऱ्या विकराचं प्रमाण कमीजास्त होताना दिसलंय. दोन्हींना एक क्रियापद कसं पुरेल?

माडाखाली: ‘विकर’ कोण बोलतं हो? एन्झाइम म्हणा.

शब्दरत्न: शाळेच्या पुस्तकात विकरच आहे. मुलांना येतं, मोठ्यांनाही येईल. उगाच मराठी सोडू नये.

माडाखाली: पत्रक मुलं नाही, त्यांचे बाप वाचणार. आणि ‘मद्य’ तर अजिबात नको. आमच्या वाडीत ‘सोरो’ म्हणतात.

शब्दरत्न: सोरो म्हणजे सुराच! संस्कृतच निघालं शेवटी. ‘व्यसन’ही बघा, मूळ अर्थ संकट. मनुस्मृतीच्या 7व्या अध्यायात राजाची 18 व्यसनं दिली आहेत, त्यात शिकार आणि दिवसा झोपणंही आहे.

सुरंगी: संकट हाच अर्थ मला हवाय. संकटात सापडलेल्या माणसाला कोणी दोषी धरत नाही.

शब्दरत्न: पण तिथे ते दोष म्हणूनच मोजलेत, ताई.

माडाखाली: माडी पिणारा स्वतःला सोरो पिणाऱ्यांत धरत नाही, त्याचं काय ते सांगा. पहाटेची गोड माडी वेगळी, असं म्हणतात.

रसायनवाला: दुपारपर्यंत आंबली की तिच्यातही अल्कोहोलच असतं.

माडाखाली: मग पत्रकात ‘माडी’ हे नाव घाला. नाहीतर आमच्याकडचे निम्मे लोक म्हणतील, हे आपल्यासाठी नाहीच.