खुडूक कोंबडी अंडी सोडून उठली, डालग्यात किडेच किडे. कबुतरांनाही त्रास. मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. घरी ११ जवारी कोंबड्या, २ कोंबडे, आणि माळ्यावर मुलाच्या कबुतरांच्या ६ जोड्या.

तांबडी कोंबडी १२ अंड्यांवर बसवली होती. बसली की हलत नाही अशी ती. यावेळी पंधराव्या दिवशी सकाळी बघते तर अंडी थंडगार, कोंबडी बाहेर, तुरा पांढराफटक. डालग्यात हात घातला आणि कोपरापर्यंत खाज सुटली. मोहरीहून बारीक किडे, काही राखाडी, काही लालभडक. पण तिची पिसं उचलून बघितली तर अंगावर काहीच नाही. दोन तलंगांचं (तरण्या कोंबड्यांचं) उलटं. शेपटीखाली पिवळसर चपटे किडे भराभर पळतात आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे झुबके.

कबुतरांच्या पिल्लांच्या पंखाखालून तर चपटी माशीच निघते. खेकड्यासारखी तिरकी पळते, पोराच्या केसात शिरते.

राख चोळून झाली, कडुनिंबाचा पाला घातला. निपाणीच्या पाहुण्यांनी तंबाखूच्या काड्या दिल्या, त्या कबुतरांच्या घरट्यात ठेवल्या. गेल्या वर्षी एका दुकानदारानं पिकावरची पूड चालते म्हणून दिली होती, ती मारली आणि ३ पिल्लं गेली. अजून मनाला लागतं ते.

हे सगळे एकच किडे आहेत का? कबुतरांचे कोंबड्यांना लागतात का? अंडी आम्ही खातो, शेजारचेही नेतात, मग औषध कोणतं मारू? वर हा पाऊस, खुराडं वाळतच नाही.

प्रतिसाद (चिकोडीहून)

आक्का, तुमच्याकडे तीन वेगळे जीव आहेत. तलंगांच्या अंगावरचे पिवळे किडे म्हणजे उवा. त्या पिसं आणि कातडीचा कोंडा खातात, जन्मभर कोंबडीवरच राहतात, आणि कोंबडीच्या उवा कबुतरावर टिकत नाहीत.

तांबडीला उठवलं ते लाल कोळीकिड्यांनी. ते दिवसा फटीत लपतात, रात्री येऊन रक्त पितात, म्हणून तुम्हाला दिवसा अंगावर दिसले नाहीत. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बसायच्या काठीची खालची बाजू बघा, पांढरा कागद घासून बघा. रक्ताचे डाग उठले तर तेच. हे मात्र कोंबडी, कबुतर, चिमणी काही सोडत नाहीत. उबेत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते आणि रिकाम्या खुराड्यातही महिनोन्‌महिने उपाशी जगतात. कोंबडीला कितीही राख चोळा, घर तसंच राहिलं तर उपयोग नाही. खुडूक कोंबडी तर मातीत लोळायलाही जात नाही, तिच्यावरच सगळा मारा होतो.

डालग्यातला पेंढा जाळा. काठ्या काढून कढत पाणी ओता, फटी खरवडून चुना भरा. फवारा गुरांच्या डॉक्टरांना विचारूनच. गोचिडीवरचं डेल्टामेथ्रिन ते प्रमाण सांगून देतील, ते रिकाम्या खुराड्यावर मारायचं, वाळल्यावरच कोंबड्या आत. आठ-दहा दिवसांनी परत. आयव्हरमेक्टिन कुणी सुचवलं तर अंडी देणाऱ्या कोंबडीला आपल्या मनानं देऊ नका, ते अंड्यात उतरतं.

पावसाळ्यात पडवीत एका घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. उवांसाठी त्यांचं त्या लोळून घेतात.

प्रतिसाद (बेळगावहून, कबुतरं पाळणारा)

वहिनी, ती माशी कबुतराचीच. नुसतं रक्त पीत नाही, मलेरियासारखा रक्ताचा आजारही पसरवते. घरट्याच्या तळाशी काळे मण्यांसारखे कोष सापडतील, त्यातून साधारण महिन्याभरात माशी निघते. म्हणून दर १५ दिवसांनी घरट्यातला कचरा काढून जाळायचा, पिल्लं तेवढ्यापुरती टोपलीत. मी माझ्या ढाबळीत दुसरं काही करत नाही. तंबाखूच्या काड्यांनी किडे कमी होतात, पण त्या काड्या ओल्या होऊन पिल्लांच्या तोंडाला लागू देऊ नका, विषारी आहेत.

मूळ प्रश्नकर्ती, १२ दिवसांनी

आक्का म्हणून ज्यांनी सांगितलं त्या दादांनी सांगितलं तसंच निघालं. काठीखाली कागद घासला, लालच झाला. इतके दिवस मी नुसती कोंबडी धूत होते. १९६२ या गुरांच्या डॉक्टरांच्या नंबरवर फोन लावला, डॉक्टर आले, औषध मोजून दिलं आणि अंडी किती दिवस टाकायची तेही सांगितलं. शेजारच्यांना तसं कळवलं. एक फवारा झालाय. कबुतरांच्या घरट्यातून मूठभर काळे कोष निघाले, पोरानं स्वतः जाळले.

तांबडीचा तुरा लाल व्हायला लागलाय आणि आता ती चुलीमागच्या कोपऱ्यात परत बसायला बघतेय. अंडी घालू का तिच्याखाली?

प्रतिसाद (चिकोडीहून)

दुसरा फवारा होऊ दे आक्का. मग रात्री परत कागद घासा. दोन रात्री कोरा निघाला तर घाला, पण जुनं डालगं नको. आणि बारा नको, तिची तब्येत बघता सात-आठच घाला यावेळी.