भोगवटादार नक्की कोण? (आणि आगोटीत आग असते का?)

माडाखाली : मंडळी, अडलंय. आमच्या गावात किनाऱ्याला लागून एक तीन मजली लॉज आहे. मालक मुंबईला, चालवायला दुसऱ्याने घेतलाय, अकरा महिन्यांच्या करारावर. आगीच्या सुरक्षेची एक पाटी आणि दोन पानी टिपण मराठीत करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमातल्या ‘ऑक्युपायर’साठी, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरतो त्याच्यासाठी, मी सरकारी शब्द लिहिला, भोगवटादार. ‘यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची व भोगवटादाराची जबाबदारी.’ चालक म्हणतो, “मी कसला भोगवटादार? सातबाऱ्यावर माझं नाव आहे का?” मालकाला फोन लावला तर तो खूश. “मालक मीच, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ पण मीच. मधे ‘व’ कशाला घातलास?”

जिन्याखाली लाल सिलिंडर टांगलाय. खाऱ्या वाऱ्याने त्याची पिन गंजून चिकटलीय आणि गळ्यात कुणीतरी हिरांचा खराटा अडकवून ठेवलाय. तो कुणी बघायचा, हे सांगणारा शब्द हवाय.

सड्यावरचा : वहिवाटदार लिहा. भोगवट्यापेक्षा सोपा आहे आणि आपल्या मातीतला आहे.

दोन_नंबर_बंदर : सड्यावरचे, देवाशपथ हा शब्द पाटीवर घालू देऊ नका. कोकणात ‘वहिवाट’ म्हटलं की माणूस वकिलाकडेच जातो. आमच्या बांधावरच्या पाणंदीची केस बाबांनी घातली, तारखांना आता मी जातो. भाडोत्र्याला लेखी वहिवाटदार म्हणालात तर तो मालक मिळेल त्या गाडीने गावात उतरेल.

शुद्धमती : कायद्याचा शब्द कायद्यातच ठेवावा. भोगवटा म्हणजे उपभोग, प्रत्यक्ष वापर. भोगवटा प्रमाणपत्र म्हणतो तेव्हा कुणाला सातबारा आठवत नाही. महसूल खात्याने शब्द एका अर्थाला जुंपला म्हणून बाकीच्यांनी सोडून द्यायचा? लोकांना समजत नसेल तर समजावून सांगा. दर वेळी शब्दच का खाली उतरवायचा?

दोन_नंबर_बंदर : ताई, आग लागल्यावर समजावणार का?

माडाखाली : कब्जेदार, ताबेदार हेही लिहून पाहिले. कब्जेदार घुसखोर वाटतो. आणि ताबेदार म्हणजे हुकमाचा चाकर, तो तर जुन्या अर्जांच्या तळाशी, ‘आपला’च्या पुढे.

परदेशी_पोफळी : मी इकडे इंग्लंडात इमारतींचंच काम बघते. इथल्या आगीच्या सुरक्षेच्या २००५ च्या आदेशात ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ असतो. कामाची जागा नोकरीवर ठेवणाऱ्याच्या ताब्यात असेल तर तो. नसेल तर जागेवर ज्याचं चालतं तो, नाहीतर इमारतीचा मालक. म्हणजे नावावर कुणाच्या आहे हे आधी बघतच नाहीत, चालतं कुणाचं ते बघतात. आगीच्या जोखमीचं मूल्यमापन त्यानेच करायचं, किंवा करून घ्यायचं. ‘जबाबदार व्यक्ती’ का नको?

दोन_नंबर_बंदर : आमच्याकडे जबाबदार व्यक्ती म्हणजे लग्नाच्या याद्या करायला बसवतात तो मामा.

माडाखाली : मूल्यमापनाची वेगळीच गंमत. टिपणावर आधी ‘फायर रिस्क असेसमेंट’ ठेवलं होतं. चालक म्हणाला, “असेसमेंट झालंय की, ग्रामपंचायतीचा उतारा दाखवू?” घरपट्टीचा! मग ‘आगीच्या जोखमीचे मूल्यमापन’ केलं. तर त्याच्या आईने विचारलं, “जोखीम लॉजवर कशाला ठेवता? बँकेत ठेवा.”

तारवटी : आई बरोबर आहेत! जोखीम म्हणजे दागिने, रोकड. ‘अंगावर जोखीम आहे, रात्रीची एस्टी नको,’ हे ऐकत वाढलो आम्ही. शब्द ‘जोखणे’वरून, तोलून ताब्यात दिलेली वस्तू, असं माझं मत. आणि हा आपल्या किनाऱ्याच्या व्यापाराचा शब्द आहे. जोखमी हुंडी ऐकलीय? माल तारवातून सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे. तारू बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. म्हणजे हुंडीत विमाही आलाच. ‘विमा’ फारसीतून आला, त्याच्या मुळाशी ‘बीम’, म्हणजे भीती. ‘रिस्क’ला याहून चांगला शब्द आणायचा कुठून?

शुद्धमती : जोखणेवरूनची व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते. आणि धोका काय वाईट आहे?

परदेशी_पोफळी : धोका ‘हॅझर्ड’ला लागतो ना! दोन्हीला एकच शब्द वापरला की मूल्यमापन करायला काही उरतच नाही. १४ एप्रिल १९४४, मुंबईच्या गोदीत आग लागून स्फोट झालेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. कापूस हा धोका, स्फोटकं हाही धोका. दोन्ही एकाच जहाजात भरणं, ही जोखीम. अग्निशमन सेवा सप्ताह त्याच तारखेला सुरू होतो.

सड्यावरचा : हे चांगलं सांगितलंत. आमच्याकडे काजूच्या कारखान्यात टरफलांचा ढीग असतो, नुसता तेलकट. ढीग धोका, आणि ढिगावर बसून विडी ओढणारा आमचा काका ही जोखीम.

बंबवाला : ‘अग्निशामक’ वगैरे सोडा, ‘बंब’ वापरा. पोर्तुगीज ‘बोंबा’वरून, म्हणजे पंप. गंमत बघा, आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटात नारळाची सोडणं घालून पाणी तापवायचं. एकाच शब्दाने आग पेटवायची पण आणि विझवायची पण. लहानपणी शाळेत आगीचा बंब आला तेव्हा मी त्याची चिमणी शोधत होतो.

तारवटी : मग ‘आगबोट’ही घ्या की. आगीच्या नावाने एवढा आपुलकीचा शब्द दुसरा नसेल.

सड्यावरचा : आणि आगोट! पावसाच्या तोंडावर सुकट, मीठ, मिरच्या, लाकडं भरतात ती आगोटीची बेगमी. पूर्वी चुलीची आग चार महिने राखायची म्हणून आगोट. माझी आजी असंच सांगायची.

शुद्धमती : आजीचा मान ठेवून सांगते, आगोट म्हणजे पावसाळ्याचा आरंभ. तिथे आगीचा काय संबंध? ‘अग्र’ किंवा ‘आगम’ कडून बघा.

दोन_नंबर_बंदर : आमच्या मालवणात काय म्हणतत माहीत हा? आगोट इली, होडये वर काढा. त्येत आग खंय?

माडाखाली : मंडळी, माझा लॉज राहिला. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र द्यायचं असतं. जुलै तोंडावर आलाय. कायद्याने विकासक, मालक, भोगवटादार सगळ्यांना एकाच दाव्याला बांधलंय, आणि इथे दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत. शेवटी पाटीवर ‘या इमारतीत आगीची साधने पाहणार : ’ एवढं लिहून पुढे जागा कोरी सोडली. काल जाऊन बघितलं तर तिथे पेन्सिलीने माझं नाव.

सड्यावरचा : शुद्धमती, ‘आगम’ असेल तर मग ‘ट’ कुठून आला?