मोरेनच्या काचकारखान्यात जिंकले कोण?

ताळेबंद (मूळ धागा)

चीन आणि अमेरिका यांच्या व्यापारस्पर्धेविषयी आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्यासारखे बोलले जाते: कोणाची निर्यात वाढली, कोणी किती आयातशुल्क लावले, कोण वरचढ ठरले. मला हा हिशेबच अपुरा वाटतो. ओहायो राज्यातील मोरेन हे छोटे गाव पाहा. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना २३ डिसेंबर २००८ रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर, बंद पडला. २०१४ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातील फुयाओ या मोटारींच्या काचा बनवणाऱ्या कंपनीने ती जागा घेतली आणि पुढे दोन हजारांच्या आसपास लोकांना तेथे काम मिळाले. मात्र पूर्वी मोटारी जोडणारे जे कामगार काचेच्या कामावर परतले, ते जवळजवळ निम्म्या मजुरीवर परतले, आणि त्यांना शिकवायला आलेले चिनी कारागीर बायकामुलांना हजारो मैल मागे ठेवून आले होते. मग जिंकले कोण? माझे म्हणणे असे की या स्पर्धेत मजूर दोन्हीकडे हरला.

नदीकाठ

धागाकर्त्यांशी असहमत. मी मोरेनलगतच्या डेटन शहराच्या परिसरात बरीच वर्षे राहतो, म्हणून एक दुरुस्ती आधी करतो: मोरेनचा कारखाना चीनने बंद पाडलेला नाही. तेथे मोठ्या एसयूव्ही गाड्या तयार होत होत्या. २००८ मध्ये पेट्रोल भडकले, पाठोपाठ मंदी आली आणि त्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. त्याच जागी १९७९ पर्यंत फ्रिजिडेअरचे फ्रीज बनत असत, हेही येथील जुने लोक सांगतात. कारखाने येतात आणि जातात. सहा वर्षे कुलूप असलेल्या जागेत निम्म्या पगाराचे का होईना, काम आले, याला मी हार म्हणणार नाही. शिवाय नोव्हेंबर २०१७ मध्ये युनियन हवी की नको यावर मतदान झाले, तेव्हा कामगारांनीच ८६८ विरुद्ध ४४४ मतांनी ती नाकारली.

अर्धविराम

८६८ हा आकडा खरा आहे, पण मतदानापूर्वी व्यवस्थापनाने युनियनविरोधी सल्लागार नेमून सभा घेतल्या होत्या, हेही तेवढेच खरे आहे. एकदा नोकरी गमावलेला माणूस दुसऱ्यांदा ती पणाला लावताना दहा वेळा विचार करतो. त्याच्या मताला संमती म्हणायचे की धास्ती?

पूर्वरंग

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘मजूर दोन्हीकडे हरला’ हे वाक्य ऐकायला समतोल वाटते, पण ते चीनच्या बाबतीत चुकीचे आहे. जागतिक बँकेच्या हिशेबानुसार चार दशकांत सुमारे ८० कोटी चिनी लोक अत्यंत दारिद्र्यातून बाहेर पडले. ज्या मुलीची आई खेड्यात भातशेतीत राबली, ती मुलगी शेन्झेन किंवा डोंगक्वानच्या कारखान्यात स्वतःच्या नावावर पगार घेऊ लागली आणि गावी पक्के घर बांधू लागली. तिला हरलेली ठरवण्याचा अधिकार तिच्याहून कितीतरी सुखवस्तू असलेल्या आपल्याला कोणी दिला?

अर्धविराम

तो अधिकार मी घेत नाही, पण तिच्या घामाचा किती वाटा तिच्या हाती आला हे विचारतो. चीनमध्ये १९५८ पासून हुकोउ ही कुटुंबनोंदणीची पद्धत आहे. खेड्यातली नोंद असलेला माणूस शहरात वीस वर्षे राबला तरी तेथील सरकारी शाळा आणि दवाखाने त्याला सहजी खुले होत नाहीत, म्हणून मुले गावी आजी-आजोबांपाशी वाढतात. मे २०२० मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनी जाहीरपणे सांगितले की सुमारे ६० कोटी लोकांचे मासिक उत्पन्न १००० युआनच्या घरात आहे. तेथे कुटुंबांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. अमेरिकेत तो दोन तृतीयांशांहून अधिक आहे. जे देशात विकले जात नाही, ते बाहेर पाठवावेच लागते. अमेरिकेच्या बंदरात उतरणाऱ्या स्वस्त मालामागे चिनी कामगाराचा आखडलेला हात आहे, आणि तो माल ज्यांच्या कारखान्यावर जाऊन पडतो त्यांचे नुकसान त्याच साखळीची दुसरी कडी आहे.

ताळेबंद

नदीकाठ यांची दुरुस्ती मान्य. कारखाना बंद पडण्याचे खापर चीनवर फोडायचे नव्हते, पण मांडणीतून तसे ध्वनित झाले. अर्धविराम यांचा मुद्दा मात्र व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना येथील फर्निचरच्या गावांना चपखल लागू पडतो. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि काही वर्षांतच तेथील पलंग-कपाटांचे कारखाने एकामागून एक बंद झाले. अर्थशास्त्राची पुस्तके सांगत की माणसे काम असेल तेथे स्थलांतर करतील. प्रत्यक्षात बहुतेक जण गावातच राहिले, कारण कारखान्याबरोबर घराची किंमतही उतरते आणि म्हाताऱ्या आईवडिलांना उचलून नेता येत नाही. अशा कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी १९६२ पासून चालत आलेली सरकारी योजना जुलै २०२२ मध्ये मुदतवाढ न मिळाल्याने थांबली. आयातशुल्क वाढवताना गाजावाजा करणाऱ्या अमेरिकेतील दोन्ही राजकीय पक्षांना याचे फारसे सोयरसुतक दिसले नाही.

नदीकाठ

त्या फर्निचरचेच पुढे काय झाले तेही सांगायला हवे होते. २००५ च्या सुरुवातीला चिनी बेडरूम फर्निचरवर अँटी-डम्पिंग शुल्क (फारच स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालाविरुद्धचे जादा आयातशुल्क) लागले, तेव्हा काम व्हर्जिनियात परतले नाही, व्हिएतनामला गेले. वॉशिंग मशीनची कथा तर याहून गमतीदार आहे. कोरियन कंपन्यांवर शुल्क लावले तेव्हा त्यांनी उत्पादन चीनमध्ये नेले. चीनवर लावले तेव्हा थायलंड आणि व्हिएतनाम गाठले. अखेर २०१८ मध्ये जवळजवळ सगळ्या जगावर शुल्क बसले. त्यानंतर अमेरिकेत सुमारे १८०० नोकऱ्या निर्माण झाल्या खऱ्या, पण अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला आठ लाख डॉलरहून अधिक गेल्याचे दिसले. कपडे वाळवण्याच्या ड्रायरवर शुल्क नव्हतेच, तरी त्याचीही किंमत तेवढीच चढली, कारण अमेरिकेत ही दोन्ही यंत्रे जोडीने विकली जातात.