ए-ई-आय-ओ-यू नसलेले पाच अक्षरी शब्द

कुणीतरी विचारलंय की वर्डलमध्ये (पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ; अक्षर शब्दात नसेल तर करडं होतं, योग्य जागी असेल तर हिरवं) पहिल्या दोन प्रयत्नांत पाचही स्वर करडे झाले तर पुढे काय. अहो, मग वाय हे अक्षर! बाकी वाटच नाही. (म्हणजे जवळजवळ नाही, ते खाली सांगते.)

निम्फ, लिम्फ, क्रिप्ट हे तर आहेतच. त्यात सायक (पी-एस-वाय-सी-एच), पिग्मी आणि जिप्सी घाला. शेवटच्या दोघांत वाय दोनदा येतो, तिथेच माणूस फसतो. ट्रिस्ट तर नेहरूंच्या १९४७च्या 'ट्रिस्ट विथ डेस्टिनी' भाषणामुळे आपल्या कानावरचा. पण मला सगळ्यात छळणारा शब्द मर, म्हणजे आपला बोळ, तो सुगंधी डिंक. स्पेलिंग एम-वाय-आर-आर-एच. उच्चारात एकच र, शेवटचा एच मुका. परवा एम, वाय, आर हिरवे होऊनही चहा गार होईपर्यंत मी नुसती बघत बसले.

यातले बरेच शब्द मूळचे ग्रीक. तिथल्या उप्सिलॉन या अक्षराच्या जागी लॅटिनमार्गे वाय आला, म्हणून स्वराचं काम तोच करतो. ट्रिस्ट मात्र जुन्या फ्रेंचमधून आलेला.

आता तो अपवाद: क्रूथ, सी-आर-डब्ल्यू-टी-एच. वेल्समधलं तंतुवाद्य. वेल्श भाषेत डब्ल्यू हा स्वर आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या 'वेस्टर्न कूम'मधला कूमसुद्धा तिथलाच, सी-डब्ल्यू-एम. पण तो तीनच अक्षरी, त्यामुळे इथे बाद. स्क्रॅबलला ठेवा!